आतून केलेलं प्लास्टर

माझ्या हातचं काम गळत नाही, हे वाक्य मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवत आलो. सुरतेच्या लिंबायतमध्ये जुन्या माणसांना आजही विचारा. गच्ची असो, टाकी असो, न्हाणी असो, मी बांधली की पाण्यानं भरून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी मालकाला बोलावून दाखवायचो, रेघभर तरी उतरलंय का बघा म्हणून. अमळनेरकडून सुरतेला आलो तेव्हा माझे सगळे भाऊबंद लूमवर कापड विणायला गेले. मला तो खडखडाट सोसला नाही. मी थापी धरली आणि पुढं चाळीस वर्षं सोडली नाही. हात चांगला होता आणि तोंड त्याहून चांगलं होतं. स्वतःची तारीफ करायला मला कधी दुसरा माणूस लागला नाही.

समाजाच्या दिवाळी अंकासाठी मिस्त्रीकामाच्या आठवणी लिहा, असं संपादकांनी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक कापड मार्केटचे मजले असणार, आपल्या माणसांनी सुरत कशी उभी केली वगैरे. ते दुसरं कोणीतरी लिहील. मी संडासांबद्दल लिहिणार आहे. सणासुदीला हा विषय नको वाटत असेल त्यांनी पान उलटावं, मला राग येणार नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका संस्थेनं मला मांडवी तालुक्यातल्या आदिवासी गावांत कामाला नेलं. सुरतेहून एसटीनं दोन तास, पुढं टेम्पो, पुढं पाय. तिकडं वस्तीला फळियं म्हणतात. एका गावाची अशी पाच-सहा फळियं टेकड्यांवर पसरलेली. घरं कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली, वर नळीची कौलं. भर मे महिन्यात आत शिरलं की अंग निवायचं. त्या घरांना माझ्यासारख्याची काही गरज नव्हती. वर्षातून एकदा घरातल्याच बायका भिंती लिंपायच्या की घर परत नवं. पुढं सरकारी योजनेतून सिमेंटची घरं आली, ती मीच बांधली. उन्हाळ्यात लोक त्या नव्या घरात धान्याची पोती ठेवायचे आणि स्वतः जुन्या कुडात झोपायला जायचे. मला तेव्हा त्यांचं हसू यायचं. आता लिंबायतच्या माझ्या पत्र्याखाली बसून हे लिहिताना येत नाही.

घरांशिवाय हातपंपाभोवतीचा ओटा, अंगणवाडीची फरशी आणि घरोघरचे संडास अशी आमची कामं. एकेक गिऱ्हाईक अस्सल भेटायचं. एकानं संडासाला मोरांच्या चित्राच्या टाइल्स लावून घेतल्या आणि बाहेरून कुलूप घातलं. पाहुण्यांसाठी ठेवलाय, म्हणाला. एका म्हाताऱ्याला दार लावून आत बसायची भीती वाटे. तो दार सताड उघडं टाकून मोठ्यानं भजन म्हणत बसायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं आवाज ऐकून वाट बदलावी. त्याचा गळा फारच बेसूर होता, त्यामुळं वाट बदलायला कोणाला फारसं सांगावं लागत नसे.

आता थोडं कामाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावात गटार नसतं आणि उपसायला टँकर पोचत नाही. म्हणून तिथं एका संडासाला दोन खड्डे करतात, चारेक फूट खोल, गोल. एका वेळी एकच वापरायचा. तो भरला की त्याचं तोंड बंद करून दुसरा चालू करायचा. बंद केलेला दीड वर्ष तसाच राहू दिला की आतल्या घाणीचं खत होतं. कोरडं, भुसभुशीत, वास नाही. घरच्याच माणसानं घमेल्यानं काढून शेतात टाकावं, कोणा दुसऱ्याला त्यात उतरवायची वेळ येऊ नये, हे त्यातलं सगळ्यात मोठं पुण्य. पण हे घडायचं तर खड्ड्यातलं पाणी बाजूच्या जमिनीत मुरलं पाहिजे. त्यासाठी आतल्या गोल भिंतीत वीट आणि वीट यांच्यामध्ये मुद्दाम फटी सोडायच्या. त्याला आम्ही जाळीची भिंत म्हणतो. थोडक्यात, गळेल असंच काम करायचं.

मला हे शिकवलं संस्थेचे इंजिनिअर देसाईसाहेब यांनी. माझ्या निम्म्या वयाचा माणूस, पण नीट समजावून सांगणारा. त्यांनी मला शिकवणीच्या जागी नेऊन तयार झालेलं खत दाखवलं. मी मूठभर हातात घेतलं. अगदी चहाची भुकटी. मी मान डोलावली, पण मनातून पटलं नव्हतं. पन्नाशी ओलांडल्यावर मला कोणीतरी फटी सोडायला शिकवत होतं.

एका फळियात तर कोणालाच संडास नको होता. घराशेजारी घाण साठवायची, या विचारानंच लोक तोंड फिरवायचे. तयार झाली ती फक्त रमिलाबेन. तिशीची सून, सातवी शिकलेली, घरात सासरा, नवरा, दीर-जाऊ, मुलं मिळून नऊ माणसं. तिचं म्हणणं साधं होतं. चिखलपाण्यात, साप-विंचवात बाईमाणसानं किती दिवस आडोसा शोधायचा? पण सासऱ्यापुढं बोलायची तिथं सुनेला सोय नसते. तिनं कसा त्यांचा होकार मिळवला देव जाणे. पहिला संडास तिच्या अंगणात करायचा ठरला, म्हणजे तो बघून बाकीचे तयार होतील.

मी आठवडाभर त्यांच्या ओसरीवर मुक्काम केला. रमिलाबेन मला नागलीचा रोटला, म्हणजे नाचणीची भाकरी, आणि उडदाची डाळ वाढायची, वर "कडियाभाई, अजून एक," असा आग्रह. कडिया म्हणजे गवंडी. खड्डे खणून झाले, मी जाळीची भिंत चढवली. सासरा खाटेवर बसून बघत होता. तो उठून आला, खड्ड्यात वाकला आणि म्हणाला, "आवुं काणांवाळुं काम? शहेरनो कडियो थईने?" असलं भोकाभोकांचं काम, तेही शहरातल्या गवंड्याचं! आजूबाजूचे हसले. रमिलाबेनचा चेहरा पडला. ती हळूच मला म्हणाली, "भाई, पाकुं करजो हं. सगळे बघायला येणार आहेत."

पाकुं म्हणजे पक्कं. हा शब्द ऐकून हात आवरला असा गवंडी मी पाहिलेला नाही. देसाईसाहेब दोन दिवस सुरतेला गेले होते. मी सिमेंट कालवलं आणि दोन्ही खड्डे आतून प्लास्टर करून टाकले. एक फट ठेवली नाही. वरून घोटून असे गुळगुळीत केले की हात फिरवावासा वाटावा. फक्त तळ मातीचाच राहिला, तोही शहाणपणानं नाही, सिमेंट संपलं म्हणून. सासऱ्यानं परत वाकून पाहिलं आणि मान हलवली. त्या दिवशी मला रोटल्यावर तूप मिळालं. साहेब आले तेव्हा खड्ड्यांवर झाकणं बसली होती. मी त्यांना काही सांगितलं नाही. मला वाटत होतं की मी त्या घराचं जास्तीचं, चांगलं काम केलंय. खाल्ल्या अन्नाला जागलोय.

रमिलाबेनचा संडास पाहून लोक खरोखरच तयार झाले. पहिली आली मंगीकाकी, शेजारची एकटी राहणारी म्हातारी, गुडघे गेलेली. मग एकेक करत सव्वीस घरं झाली. प्रत्येक घरी रमिलाबेन माझ्यासोबत यायची. लोक विचारायचे, भरल्यावर काय? ती माझ्याकडं बघायची आणि मी छाती पुढं काढून सांगायचो, "दीड वर्षानं उघडा. चहाची भुकटी निघेल. मी स्वतः हातात घेऊन दाखवीन." ती विचारायची, "साचुं कहो छो ने, भाई?" मी म्हणायचो, अगदी खरं. त्या सव्वीस घरी मी जाळीच्या भिंती बांधल्या, कारण तिथं साहेब रोज उभे असायचे. म्हणजे ज्या कामाची मला लाज वाटत होती ते सगळं बरोबर झालं, आणि जिथं जीव ओतला तिथं मी माती खाल्ली.

तळ मोकळा असल्यामुळं रमिलाबेनचा पहिला खड्डा अडीच वर्षं रेटला. खरं तर असा खड्डा चार-पाच वर्षं पुरायला हवा, तो इतक्या लवकर भरला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. घरात माणसं जास्त आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली, त्याचं तोंड बंद केलं आणि दुसरा चालू करून दिला. मग दीड वर्ष गेलं. होळीनंतर एका सकाळी तो पहिला खड्डा उघडायचं ठरलं.

रमिलाबेननं तो दिवस लग्नासारखा केला होता. अंगण सारवलेलं, तीन फळियांतल्या बाया बोलावलेल्या, मंगीकाकीला पुढं खाटेवर बसवलेलं. वांग्यांची रोपं लावायला वाफा तयार, खत लगेच सगळ्यांसमोर घालायचं म्हणून. तिनं पदर खोचला, घमेलं आणि फावडं घेऊन उभी राहिली. दुसऱ्या गावाहून संस्थेचे लोकही आले होते. मी पहार घालून झाकण सरकवलं.

वासानं पहिली रांग मागं हटली. आत पाणीच पाणी, काळपट, जसंच्या तसं. वर चार बोटं मोकळी भिंत दिसत होती आणि तिच्यावरचं माझं प्लास्टर चार वर्षांनंतरही एका ठिकाणी सुटलेलं नव्हतं. मला त्याच क्षणी सगळं कळलं: तळ गाळानं बुजला होता आणि बाजूनं मुरायला मी फट ठेवलीच नव्हती. देसाईसाहेब नाकाला रुमाल लावून लांब उभे होते, त्यांना ते दिसलं नाही. कोणालाच दिसलं नाही. मुलं खिदळायला लागली, बायांनी पदर तोंडाला लावले. रमिलाबेन फावडं हातात घेऊन खड्ड्याकडं बघतच राहिली.

"मिस्त्री, असं कसं झालं?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "पाणी जास्त ओतलं असणार."

बस, एवढंच बोललो. ते खोटं आहे हे मला माहीत होतं आणि ते खोटं आहे हे रमिलाबेनलाही माहीत होतं. कारण त्या घरातलं पाणी हातपंपावरून डोक्यावर तीच आणायची. किती हंडे संडासात जातात हे तिच्या मानेला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. सासरा खाटेवरून ओरडला, "आखा गाममां नाक कपाव्युं आ वहुए!" साऱ्या गावात या सुनेनं आमचं नाक कापलं. सासऱ्यापुढं सून बोलत नाही, आणि मी बोललो नाही. मी झाकण परत ओढून घेतलं आणि कडा सिमेंटनं बंद केल्या. तेवढ्या गडबडीतही कडा सरळ आल्या.

का बोललो नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. काम जाईल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर ती थोडी होती. मला लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. आयुष्यभर ज्यावर नाक वर करून फिरलो तेच चुकीचं ठरलं, हे चारचौघांत म्हणायला जीभ उचलली नाही. माझ्यापेक्षा तिची अब्रू स्वस्त वाटली मला, दुसरं काय.

त्यानंतर त्या फळियात कोणी आपला खड्डा उघडला नाही. रमिलाबेनच्या घरी असं निघालं तर आपल्याकडं काय निघेल, असा लोकांनी विचार केला. त्यात त्यांची काही चूक नाही. हळूहळू वापर थांबला. संस्थेच्या माणसांकडून कळलं, की कोणी संडासात सरपण भरलंय, कोणी कोंबड्या बसवल्यात. साहेब दुसऱ्या तालुक्यात गेले. मला संस्थेनं पुढंही काम दिलं आणि मी ते केलं, जाळीच्या भिंती बांधल्या, नवीन पोरांना फटी सोडायला शिकवलं. त्या फळियात मात्र परत पाय टाकला नाही.

गेल्या वर्षी सुरतेतच पांडेसऱ्यात एका चाळीच्या मालकानं बोलावलं. आता मी मोठी कामं घेत नाही, पण फरशी, पाइप असलं किरकोळ करतो. पंचवीस खोल्यांना दोन संडास, त्यातल्या एकाची फरशी खचलेली. सकाळी सातला पोचलो तर बायकांची रांग लागलेली, प्रत्येकीच्या हातात डबा किंवा बादली. एक बंद म्हणजे दुसऱ्यावर दुप्पट गर्दी. मी हत्यारांची पिशवी खाली ठेवली तेवढ्यात रांगेतून आवाज आला, "कडियाभाई, तमे?"

रमिलाबेन होती. केस बरेच पिकले होते. जवळच्या मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायचं काम करते, म्हणाली. नवराही तिथंच. गावातलं घर सोडून बरीच वर्षं झाली. का सोडलं, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या मुलांची, तब्येतीची चौकशी केली. त्या दिवसाचा शब्दही काढला नाही. तिच्या त्या चांगुलपणानंच माझा बांध फुटला असावा. मी तिथंच, रांगेच्या कडेला उभा राहून सांगून टाकलं.

"रमिलाबेन, पाणी जास्त झालं नव्हतं. चूक माझी होती. मी आतून प्लास्टर केलं होतं, म्हणून पाणी मुरलं नाही."

तिनं बादली खाली ठेवली. "आतून? सगळं?"

"सगळं. तुम्ही पक्कं करा म्हणालात, मला वाटलं..." मी थांबलो. तिच्यावर ढकलायला मी परत सुरुवात केली होती.

ती म्हणाली, "आणि बाकीच्यांचे?"

"त्यांच्यात जाळी आहे. ते सगळे बरोबर आहेत."

"आमच्या समोरच्या शांतूच्या घरचा?"

"बरोबर आहे."

"मंगीकाकीचा?"

"तोही बरोबर."

"म्हणजे तो वापरला असता तरी चाललं असतं?"

मी होकाराची मान हलवली. ती रांगेतल्या बायकांकडं बघत म्हणाली, "मंगीकाकी गेली, तुम्हाला माहीत नसेल. चोमासात, भर पावसात, नाल्याकडं बसायला जाताना घसरली, खुबा मोडला. चार महिने अंथरुणाला खिळली होती. तिचा संडास घराला लागूनच होता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत नव्हतं. तिनं विचारलं, "गावात जाऊन सांगितलं का हे?"

"नाही. म्हटलं, आधी तुम्हाला..."

"हवे मने शुं काम कहो छो?" आता मला कशाला सांगता? ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. "मी कुठं राहते तिथं? माझे दोन्ही पुतणे आहेत, शांतू आहे. त्यांच्या घरी सुना आल्यात. त्यांना सांगा. एक झाकण उघडून दाखवा." रांग पुढं सरकली. तिनं बादली उचलली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मागच्या बाईनं तेवढ्यात दोन पावलं पुढं घेतली होती, तिला हातानं मागं सारलं. मी त्या दिवशी फरशी बसवली, पण उतार चुकला. मालकानं दुसऱ्या दिवशी परत बोलावलं.

घरी आल्यावर बायकोनं ताट वाढलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "काय व्हयनं? तोंड उतरेल दिखस तुमनं." इतक्या वर्षांत तिलाही कधी सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मंग जाई या ना त्या गावले. एस्टी बंद पडनी का?"

एसटी बंद पडलेली नाही. मी दोनदा स्टँडवर गेलो. एकदा मांडवीच्या गाडीत बसलो, तिकीट काढलं आणि वाटेत कडोदऱ्यालाच उतरून परत आलो. रमिलाबेनचा सासरा अजून आहे, असं संस्थेच्या माणसांकडून कळलं. तो खाटेवर बसलेला असेल, माणसं जमतील, आणि मला पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचत नाही. त्यातच संपादकांचा फोन आला. वाटलं, लिहून टाकू या, छापून आलं की आपोआप कबूल केल्यासारखं होईल. म्हणून लिहिलं. आता सगळं लिहून झालंय. पण हे मी मराठीत लिहिलंय, आणि त्या फळियात मराठी वाचणारं एकही माणूस नाही. हे मला पहिली ओळ लिहितानाच माहीत होतं.